फळानंदांचं धोतर

बोथच्या बाजारात त्या दिवशी कांद्या-वांग्यांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. सगळी गर्दी फळानंद महाराजांभोवती! महाराजांनी शिजलेल्या भाजीवर कमंडलूतलं तांबूस तीर्थ टाकलं की भाजी काळीठिक्कर पडायची. सफरचंदाच्या फोडीवर टाकलं, तर फोड जशीच्या तशी.

"पाहा! चुलीनं भाजीतला प्राण मारला, विष उरलं! फळात मात्र साक्षात अमृत!" महाराज गरजले. बाया हात जोडत होत्या आणि चेला मंतरलेली सफरचंदं खपवत होता.

भाजीवाली तुळजाबाई आपल्या टोपल्यामागे धुमसत होती. धंदा बसला म्हणून नव्हे. तिची सात महिन्यांची पोटुशी सून सुनयना आठ दिवसांपासून नुसत्या सफरचंदांवर होती आणि काल अंगणात चक्कर येऊन पडली होती. रक्त तपासून दवाखान्यातल्या नर्सबाईंनी, प्रणितानं, अंगात रक्त फारच कमी म्हणून कपाळाला हात लावला होता.

आज तुळजाबाईनं दोघींनाही बाजारात आणलं होतं. पीठ पेरून केलेली शेवग्याच्या पाल्याची भाजी तिनं डब्यातून वाटीत काढली आणि गर्दीतून वाट काढत महाराजांपुढे धरली.

"हे माह्या हातची हाये. सांगा, काय वाईट हाये यात?"

महाराजांनी तीर्थ टाकलं. वाटीतली भाजी काळी पडली.

"आत्याबाई, लेकराले इख काऊन देऊन राह्यल्या?" सुनयना रडू लागली.

महाराजांना मात्र चेव आला. त्यांनी कमंडलू उंच धरून जयघोष केला, चार थेंब उडाले, आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र, कडक खळ दिलेल्या धोतरावर काळेनिळे डाग उमटले.

तुळजाबाईनं डोळे बारीक केले.

"महाराज, धोतर कोण्या चुलीवर शिजवलं?"

गर्दीत खसखस पिकली.

"हे... हे भक्तांचं पाप आहे, माई!"

"असं? मंग बटाट्याचं पाप पाहू." तिनं आपल्या टोपल्यातला कच्चा बटाटा आणून कापला, महाराजांच्या हातातून कमंडलू ओढला आणि तीर्थ ओतलं. बटाटा काळा! "याले तं आग लागलीच नाई!"

प्रणितानं कमंडलू हुंगला आणि ती हसत सुटली. "अहो, हे जखमेवर लावायचं आयोडीन! जिथं पिठूळपणा, तिथं ते काळंनिळं होतं. भाजीत पीठ, धोतराला खळ, बटाट्यात स्टार्च. पिकलेल्या सफरचंदातला स्टार्च गोड साखर होऊन गेलेला असतो. यात विष नाही आणि अमृतही नाही!"

लोक चेल्याला जाब विचारू लागले. महाराज धोतर सावरत पळाले.

"मंग मी काय खाऊ?" सुनयनानं डोळे पुसत विचारलं.

"दोन्ही," प्रणिता म्हणाली. "शेवग्याच्या पाल्यात सफरचंदापेक्षा कितीतरी जास्त लोह असतं. शिजवताना क जीवनसत्त्व कमी होतं खरं, पण ते पेरूत, लिंबात मिळतं आणि भाजीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. लोहाच्या गोळ्याही चुकवू नकोस. आणि बायांनो, कोणी चमत्कार दाखवला, तर त्यानं निवडलेल्या वस्तूवरच तो पाहू नका. आपल्या टोपल्यातली वस्तू पुढे करा!"

तुळजाबाईनं डब्यात उरलेल्या भाजीवर लिंबू पिळलं, भाकरी मोडली आणि पहिला घास सुनेपुढे धरला.

सुनयनानं तो खाल्ला आणि डबाच आपल्याकडे ओढून घेतला.