पश्चिमेचा वाफा

शाळेच्या मागे हळदीचे दोन वाफे होते. माती एकाच शेतातली, पाणी एकाच आडाचे, लावण एकाच सकाळची. जुलै संपता संपता पूर्वेच्या वाफ्यात पाने वीतभर वाढली. पश्चिमेच्या वाफ्यात एकही कोंब आला नाही.

केरबा गुरुजी त्या वाफ्याशी उकिडवे बसून माती उकरत होते. भोवती चौथीचा वर्ग उभा होता.

“मेलं गुरुजी समदं,” अर्जुना म्हणाला. “अंजीची नजर लागली.”

“थांब, तुलाच लावते,” अंजना म्हणाली; पण बोलण्यात रोजचा जोर नव्हता. प्रश्न तिचा होता.

रहिमतपूरच्या पलीकडच्या या गावात बियाण्याला हळदीचा मधला मोठा गड्डाच लावत; त्याला फुटलेली बोटे, म्हणजे ओली हळकुंडे, कुणी लावत नसे. शाळा उघडली त्याच आठवड्यात अंजनाने विचारले होते, “आन् हळकुंडं लावली तर?” उत्तर गुरुजींना ठाऊक होते, सांगलीकडे काही जण लावतात. त्यांनी ते सांगितले नाही. लावून बघू, म्हणाले. पूर्वेला गड्डे, पश्चिमेला हळकुंडे. तेव्हापासून चौथीचे गणित वाफ्याच्या लांबी-रुंदीत होते आणि मराठीचा तास मुलांनी घरोघर विचारून आणलेल्या माहितीत. ही पद्धत गुरुजींनी साताऱ्याच्या एका शिबिरात ऐकली होती. मुख्याध्यापक लालासाहेबांनी तिला परवानगी दिली. हळकुंडेही त्यांनीच सांगलीहून मागवली आणि रिवाजाप्रमाणे शेणकाल्यात बुडवून, लावायला तयार अशी आणून दिली. अध्यापक विद्यालयात दोघे एका खोलीत राहिले होते. “तू कर रं,” लालासाहेब म्हणाले होते, “मी हाय की पाठीशी.”

उकरलेले हळकुंड गुरुजींनी बोटांत दाबले. ते लगद्यासारखे पसरले. दुसरेही. तिसरेही. कुजणे इतके सारखे नसते, एवढी नोंद त्यांनी मनाशी केली.

त्याच दुपारी शाळा तपासायला साताऱ्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांनी पश्चिमेचा वाफा पाहिला, पूर्वेच्या वाफ्याकडे वळले नाहीत. “शेतकऱ्यांची पोरं ही. माती ती घरी उकरतातच. शाळेत पाढे घ्या,” ते म्हणाले. सोमवारी दोन्ही वाफे मोडून जागा सपाट करावी, असे ठरले. लालासाहेब मान खाली घालून उभे होते. साहेबांची जीप गेल्यावर त्यांनी केरबांच्या पाठीवर हात ठेवला.

“जाऊ दे गड्या. नशीब.”

शाळा सुटताना गुरुजींनी अंजनाला थांबवले. “गप का गं?”

“बा म्हणलाच हुता, हळकुंड उगवत न्हाई. मी उगंच इचारलं.” तिने दप्तर खांद्यावर ओढले. “आता न्हाई इचारायची.”

ते वाक्य गुरुजींना साहेबांच्या निर्णयापेक्षा अधिक लागले. सांगलीच्या व्यापाऱ्याचे नाव विचारावे म्हणून ते संध्याकाळी लालासाहेबांच्या घरी गेले. अंगणात लालासाहेबांची बायको, बनुबाई, जर्मनचे पातेले घासत होती.

“या भावजी. बघा तुमच्या शाळंपायी माझ्या पातेल्याची काय कळा झालीया. चिंच झाली, राख झाली, पिवळं काय जाईना.”

“शाळंपायी? ते कसं, वैनी?”

“आता! बियाणं उकडून लावा म्हून तुमीच सांगितलं न्हवं? म्या म्हणलं, बी कवा कुणी उकडतं व्हय? तर हे म्हणले, केरबाची नवी पद्धत हाय, तुला काय कळतंय. वर शेणकाल्यात बी बुडवलं त्यांनीच.” ती हसली. “शिकल्याली माणसं!”

गुरुजींनी पातेले हातात घेतले. आतून काठापर्यंत पिवळी रेघ होती. लालासाहेब दारात आले. त्यांनी पातेले पाहिले आणि तिथेच थांबले.

“आईबापं रोज माझ्या दारात येत्यात, केरबा. पोरं शाळंत माती उकरत्यात म्हणत्यात. मी काय सांगू त्यास्नी?”

“मग मला नको म्हणायचं हुतं.”

“तुला? तुला नको म्हणवंना. वाटलं, एकदा फसलं की तूच सोडून देशील.”

“मला नको म्हणवंना,” केरबा म्हणाले, “आन् त्या पोरीला खोटं दावायला जमलं?”

लालासाहेब दारातून बाजूला सरले. “आत ये. च्या घे.”

गुरुजींनी पातेले बनुबाईच्या पुढ्यात पालथे ठेवले आणि ते निघाले.

सोमवारी शाळेमागे कुदळींचा आवाज सुरू होता. वर्गातल्या फळ्यावर अंजनाच्या अक्षरातला निष्कर्ष अजून होता : ‘हळकुंडाला कोंब येत नाही.’ गुरुजींनी फडके घेऊन तो पुसला. व्हरांड्यातून जाणारे लालासाहेब खिडकीशी थांबले.

“का पुसलं, गुरुजी?” अंजनाने विचारले.

वर्गाचा नियम ठरलेला होता : आधी जे दिसले ते लिहायचे, मग कारण, आणि कारण रागाने लिहायचे नाही. गुरुजींनी खडू घेतला आणि सावकाश, मागच्या बाकावरून वाचता येईल अशा अक्षरात लिहिले :

‘पश्चिमेच्या वाफ्यात कोंब आला नाही. कारण : बियाणे लावण्यापूर्वी मुख्याध्यापकांच्या घरी उकडले होते.’