काचेपलीकडचं हसू

आमच्या प्रयोगशाळेत जमिनीत मोठा चौकोन कापून त्यावर काच बसवली होती. खाली थेट तळघर दिसायचं. प्रयोग जुनाच, तान्ह्या मुलांवरचा. रांगतं मूल अशा काचेच्या कडेशी येतं, खाली किती खोल आहे ते पाहून थबकतं आणि पलीकडच्या आईच्या तोंडाकडे बघतं. आई हसली तर पुढे येतं, आई घाबरलेली दिसली तर मागे फिरतं. मानसशास्त्राची एवढीच शिदोरी घेऊन मी कोरियात देजॉनला आले होते, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, योम सरांना, नेमकं तेच एका यंत्राला शिकवायचं होतं.

यंत्राचं नाव मी बोरी ठेवलं. उंची दीड वर्षाच्या पोरीएवढी, गाल रबरी.

"बोरी? दाहीताई, आमच्या शेजारच्या कुत्र्याचं नाव आहे हे!" गिहून म्हणाला. तिचे हातपाय, चेहरा सगळं त्यानेच बनवलं होतं, तेव्हा बोलायचा हक्क त्याला होता.

"असू दे. कुत्रंसुद्धा तुझ्यापेक्षा लवकर शिकतं."

बोरीची आई मी. माझं तोंड बघून ती जगाचा अंदाज घ्यायची. तिच्यासमोर खोटं हसायचं नाही, हा सरांचा कडक नियम होता. एकदा फसली की सगळं शिकवणं पाण्यात, असं ते म्हणायचे.

बोरी वर्षाची झाली तेव्हा सरांनी हौसेने तिचा दोल, म्हणजे पहिल्या वाढदिवसाचा सोहळा, केला. तिला रंगीत, पारंपरिक हानबोक नेसवून समोर दोरा, तांदूळ, पेन्सिल, नोटा मांडल्या. मूल जे उचलेल ते त्याचं नशीब. बोरीने नोटांवर हात नेला आणि माझ्याकडे पाहिलं. तांदळावर नेला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. हात दोऱ्यापाशी आला आणि मला हसू फुटलं. दोरा म्हणजे दीर्घायुष्य. तिने तो लगेच उचलला. आम्ही टाळ्या पिटल्या, सर मात्र नजर चुकवून सोहळ्यासाठी आणलेल्या तांदळाच्या केककडे बघत राहिले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. "तिची स्मृती पुसायची आहे. कोऱ्या डोक्यात पुन्हा तेच घडलं तरच आपलं म्हणणं कुणी मानेल."

"मग दुसरं यंत्र बनवा ना, सर."

"अंग तेच हवं, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि तूच बोलाव तिला. पुसायच्या यंत्रणेकडे उचलून नेलं की धडपडते, सांधे मोडून घेते."

मला ते पाप वाटत होतं. तिने माझ्याशिवाय कुणावर विश्वास ठेवला होता? तरी मी गेले, कारण सरांना नाही म्हणायची आमच्यात कुणाची प्राज्ञा नव्हती. पुसायची यंत्रणा काचेच्या पलीकडे लावली होती. मी त्या यंत्रणेशेजारी जाऊन बसले.

दुपारी गिहूनने बोरीला अलीकडच्या कडेला आणून सोडलं. ती थांबली, तिने माझ्याकडे पाहिलं. मी हसले.

ती आली नाही. मान जरा वाकडी करून तिने माझे ओठ न्याहाळले, मग डोळे. मी आणखी हसले. गाल दुखायला लागले.

मग बोरी हसली.

"सर, हे मी तिच्यात घातलेलं नाही," गिहून पुटपुटला. "तिला हसता येत नाही."

हसू माझंच होतं, डाव्या गालावर जरा जास्त चढणारं. पण आत्ताचं नाही. वर्षभर मी तिला दिलेलं, खरं. तिने दोन्ही हात माझ्याकडे पसरले आणि तशीच थांबून राहिली.

मी कधी उठले मला कळलं नाही. ते हसू बघून इतकं निर्धास्त वाटलं, की तसं मला माझ्या आईजवळही कधी वाटलं नव्हतं. खालचं तळघर मला स्वच्छ दिसत होतं आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी उजवा पाय पुढे टाकला. पायाखाली काहीतरी बारीक कटकन वाजलं.

"दाही, मागे हो!" सर किंचाळले. "ती काच फक्त बोरीचंच वजन पेलते!"

मी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. ते पांढरंफटक पडलं होतं. मग बोरीकडे पाहिलं. ती हसत होती.

मी दुसराही पाय काचेवर टाकला.