लाटांचा तलाव

आत्याने सकाळपासून कपड्यांच्या आत पोहण्याचा पोशाख घातला होता आणि घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. पत्ता असता तर बोटीत पाय ठेवण्याआधीच तिची शोभा झाली असती.

पोशाख तिने स्वतः शिवला होता. एका दुकानात ती कपडे आल्टर करायची, कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. उरलेलं गडद निळं कापड जपून ठेवलं आणि मालकाची पाठ वळली की चार टाके, असं करत करत तो उभा केला. पूर्ण बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय, गळ्याला चेन. पन्नाशी उलटली होती, पण गळ्याएवढ्या पाण्यात बाई जन्मात कधी उभी राहिली नव्हती. बेटावरच्या त्या रिसॉर्टात लाटांचा तलाव आहे, असं भाचीच्या तोंडून ऐकलं आणि तिच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. एक लाट अंगावर घ्यायची, बस्स. फार मोठं मागणं नव्हतं हो.

पण मागणार कुणाकडे? नवरा गेल्यापासून ती दादाच्या घरी राहत होती. दादा दातांचा डॉक्टर. लोकांचे दात काढून पोट भरायचा आणि स्वतःचे सदा बाहेर. त्याला गंमत फार आवडे. त्याची गंमत म्हणजे समोरचा रडकुंडीला येईपर्यंत आपण हसायचं. एकदा त्याने आवाज बदलून आत्याला फोन केला, तुम्हाला कामावरून काढलंय म्हणून सांगितलं. ही बया दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने नुसतं म्हटलं, "असं नको रे करत जाऊस," तर महिनाभर घरात तिच्याशी कुणी धड बोललं नाही. गंमत मोडणाऱ्याला त्या घरात माफी नव्हती.

"आत्या बसेल सामानापाशी," बोटीतून उतरता उतरताच वहिनीने जाहीर केलं.

बसली. रोपवेला सगळे गेले, ती खाली पिशव्यांपाशी. काचेच्या तळाच्या बोटीत सगळे गेले, ती धक्क्यावर पिशव्यांपाशी. दर वेळी भाची, जिला सगळे टिचकी म्हणत, गळ्यात पडून म्हणायची, "पुढच्याला तू हं, आत्या!" आणि पुढच्याला पुन्हा आत्या आणि पिशव्या. उन्हात त्या दुहेरी कपड्यांत जीव नुसता उकडून निघत होता. दुपारी मंडळी वरच्या गच्चीवर जेवायला गेली. "एवढं सामान घेऊन कुठे चढतेस," दादा म्हणाला, "तुला आम्ही पार्सल आणतो."

नशीब असं, की तिला ज्या बाकावर बसवलं तो बाक नेमका लाटांच्या तलावासमोर होता.

तिथे एक साफसफाईची बाई फरशी पुसत होती. सकाळपासून तिने आत्याला तीन ठिकाणी बघितलं होतं. शेवटी तिला राहवलं नाही.

"ताई, तुम्ही काय सामानासकट जन्माला आलात का?"

आत्याला हसू फुटलं. कुणी आपल्याशी इतकं साधं बोललं, म्हणून असेल, तिने गळ्याची चेन जराशी दाखवून सगळं सांगून टाकलं. बाईने तोंडाला पदर लावला नाही की टिंगल केली नाही. म्हणाली, "अगं बाई! मग बसलाय काय? जा की! मी आहे इथे. ही सगळी फरशी व्हायचीच आहे माझी."

आत्याने वरचे कपडे काढले, घडी करून पिशवीवर ठेवले आणि गेली. आधी घोट्याएवढं, मग कमरेएवढं, मग गळ्याएवढं. भोंगा वाजला. लाट आली, तिने आत्याला उचलून घेतलं, खाली ठेवलं. ती चक्क ओरडली, पोरीसारखी. एक लाट म्हणता म्हणता किती झाल्या, हिशेब कुणी ठेवला! बाईने काठावरून हात हलवला. इतकं सुख झालं, की आत्याला रडूच आलं, पण पाण्यात कुणाला कळतंय.

बाहेर आली तर बाकावर काही नाही. पिशव्या नाहीत, कपडेसुद्धा नाहीत.

"तुमचे भाऊ घेऊन गेले," बाई हसत म्हणाली. "आमचंच आहे म्हणाले, हिला सांगू नका म्हणाले. मी म्हटलं, कशाला उगाच जीव टांगणीला लावायचा, म्हणून सांगितलं."

मग आत्या त्या ओल्या, अंगाला चिकटलेल्या पोशाखात, अनवाणी, सगळ्या रिसॉर्टातून गच्चीकडे निघाली. लोक वळून वळून बघत होते. मागोमाग ती बाईही आली, बिचारीला काळजी वाटली म्हणून. गच्चीवर टिचकी मोबाइल धरून शूटिंग करत होती आणि वहिनीला हसू दाबता येत नव्हतं.

"सामान?" दादाने तोंड लांब केलं. "आम्ही तर इथून हललोच नाही. अगं, माझं घड्याळ होतं त्यात! कुणाच्या हवाली केलंस?" आणि रंग चढावा म्हणून त्याने सुपरवायझरलाच हाक मारली.

सुपरवायझर आला. बाईने सांगितलं, "या साहेबांनीच नेलं." साहेबांनी कानावर हात ठेवले. सुपरवायझर आत्याकडे वळला.

"ताई, तुम्ही सांगा. सामान हिच्याकडे दिलं होतं?"

टेबलावरून लोंबणाऱ्या कापडाखालून आत्याच्या स्वतःच्या कपड्यांची कड बाहेर आली होती. तिला ती स्वच्छ दिसली. दादा तिच्याकडे बघत होता. डोळ्यांत नुसतं हसू, आणि त्या हसण्यामागे काय असतं ते तिला पुरतं ठाऊक होतं.

"हो," आत्या म्हणाली. "हिच्याकडेच होतं. पुढचं मला माहीत नाही."

बाईने आ वासला. सुपरवायझरने तिथल्या तिथे तिच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. ती जिना उतरून गेल्यावर दादाने पिशव्या बाहेर ओढल्या आणि सगळं टेबल खो खो हसलं.

"त्यांना सांग ना रे दादा," आत्या पुटपुटली.

"काय सांगू? की मी खोटं बोललो? आपलीच अब्रू जाईल. मिळेल तिला दुसरं काम, चल, कपडे घाल."

जिना समोरच होता. आत्या स्वतः जाऊ शकली असती. तिने ओल्या पोशाखावरच कपडे चढवले.

तासाभराने परतीच्या बोटीसाठी धक्क्यावर रांग लागली. ती बाई कडेला उभी होती, घरच्या साडीत, डोळे सुजलेले. आत्याच्या दोन्ही हातांत पिशव्या बघून तिचा चेहरा एकदम उजळला. धावतच आली.

"सापडलं! ताई, देवासारख्या आलात. चला ना, सुपरवायझर अजून ऑफिसात आहे. दोन शब्द सांगा फक्त. घरात मी एकटी कमावती आहे हो."

"कोण गं ही?" दादाने मोठ्याने विचारलं. त्याचे ओठ थरथरत होते, हसू आवरेना.

"कोण जाणे," आत्या म्हणाली.

"असं काय करता, ताई? तुम्हाला पाण्यात जायचं होतं, म्हणून मी सामानापाशी थांबले होते ना!"

"मी नाही गेले पाण्यात," आत्या म्हणाली. तिच्या कपड्यांतून अजून धक्क्यावर पाणी ठिबकत होतं.