गाळ उपसायच्या आधी

ती तळ्यावर पोहोचली तेव्हा कारखान्याची माणसं पंप लावत होती.

शेजारच्या, धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी तिच्या तळ्यात झिरपलं आणि तिने वर्षानुवर्षं निगुतीने वाढवलेले शोभेचे मासे पिल्लांसकट उलटे तरंगले. तिच्याच तक्रारीवरून प्रदूषण खात्याने हुकूम काढला होता, की कारखान्याने स्वखर्चाने तळं उपसून गाळ काढून न्यावा. तिला तेव्हा बरंच वाटलं होतं. पण भरपाईचा तिचा वेगळा दावा कोर्टात होता, आणि कोर्टाने नेमलेला तज्ज्ञ अजून यायचा होता. गाळ गेला की पुरावाही गेला. इतके महिने ढिम्म बसलेला कारखाना आज भल्या सकाळी कामाला का लागला, ते तिला कळलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सरळ पंपाच्या नळीवर जाऊन बसली.

मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, की तक्रार तर तुमचीच होती. देखरेखीला आलेल्या खात्याच्या साहेबांनी गुन्हा दाखल करायची धमकी दिली. तिच्याबरोबर धंदा करणारा धाकटा दीर काकुळतीला आला.

"वहिनी, उठा ना. होऊ दे साफ. नवे मासे आणू."

"कुठून आणशील? तो रंग मी जोड्या लावून लावून पिल्लांत उतरवलाय. बाजारात मिळतो का?"

तिने वकीलबाईंना फोन लावला आणि तसाच साहेबांच्या हातात दिला. साहेब बराच वेळ ऐकत राहिले. वकीलबाईंचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"साहेब, तुमच्याच कायद्यात लिहिलंय की या हुकमाने कुणाचा भरपाईचा हक्क बुडत नाही. मग तुमच्यादेखत तो बुडू देऊ नका."

साहेब चरफडले, पण त्यांनी गाळाचे नमुने घेतले आणि सगळ्यांसमोर बरण्यांना सील ठोकलं. शेवटची बरणी गाडीत गेली तेव्हाच ती उठली.

कारखान्याच्या वकिलाने कोर्टात हात झटकले. कायद्याने सांगितलं ते केलं, तळं स्वच्छ आहे, मग दावा उरलाच कशाचा? न्यायाधीशांनी ते मानलं नाही. सफाईचा खर्च तिला पुन्हा मागता येणार नाही, पण मेलेले मासे आणि बसलेला धंदा काही सफाईने भरून आलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. बरण्यांतल्या गाळात कारखान्याच्याच हौदातलं रसायन निघालं. निकाल तिच्या बाजूने लागला.

बाहेर मॅनेजर म्हणाला, "झालं ना मनासारखं?"

"मनासारखं? पहिल्यांदा सांगायला आले तेव्हा तुम्ही मला फाटकातूनच परत पाठवलंत. त्या दिवशी गळका पाइप बदलला असता, तर माझे मासे जगले असते."

तो घड्याळाकडे बघायला लागला. ती जिन्याकडे वळली. दिराने तिची पिशवी घेतली, आणि ती कठड्याला धरून उतरत राहिली.