मॅम चारिंगना नाही म्हणायचं कसं?

त्या सकाळी एफ्रेनच्या घरात कुणाला घास गोड लागेना. भात ताटात तसाच, वाळवलेला मासा तसाच, आणि नवराबायको एकमेकांची तोंडं बघत बसलेली. सकाळच्या होडीने दवाखान्याच्या सिस्टर मॅम चारिंग येणार होत्या, गोवराची लस घेऊन.

"तूच सांग त्यांना," मेर्ली म्हणाली. "म्हणावं, आमच्या जेनजेनला नको."

"मी सांगू? अगं, मी एवढासा होतो तेव्हा त्यांनीच मला मांडीवर घेऊन टोचलंय! आपल्या लग्नात रीतीप्रमाणे माझ्या शर्टाला आहेराची नोट टाचून नाचल्यात त्या. त्यांना तोंडावर नाही म्हणू?"

"मग टोचू दे."

"तेही नको!"

मंडळी, हसू नका. आपल्या माणसाला नाही म्हणायची लाज कुणाला वाटत नाही? आमच्या बेटावर तर ती जरा जास्तच. इथे पाहुण्याला "नको" असं कुणी म्हणत नाही, "बघू हं" म्हणतात आणि मागच्या दाराने पसार होतात. पण मॅम चारिंगपुढे "बघू हं" चालायचं नाही. त्या बघेपर्यंत बसून राहायच्या.

एफ्रेनच्या भीतीचं मूळ त्याच्या फोनवर आलेल्या एका व्हिडिओत होतं. शहरात कुठल्याशा लसीनंतर मुलं दगावली, असं त्यात एक बाई रडत रडत सांगत होती. कुठली लस, कधीची गोष्ट, कुणी विचारलं नाही. एफ्रेन गावसभेचा सभासद, शब्दाला वजन असलेला माणूस. तो घाबरला म्हणून गल्ली घाबरली. आणि नेमका तेव्हाच समोरच्या बेटावर गोवर शिरला होता.

एके काळी लसीचा दिवस म्हणजे आमच्याकडे सणच असायचा! चॅपेलची घंटा वाजायची. पोरं पत्र्याचे डबे बडवत किनाऱ्यावर धावायची. आणि तरुण मॅम चारिंग गुडघाभर पाण्यात उतरून यायच्या, डोक्यावर बर्फाची पेटी, हातात चपला. आया मुलांना पावडर लावून, भांग पाडून रांगेत उभं करायच्या. टोचून झालं की प्रत्येकाला उकडलेलं मक्याचं कणीस मिळायचं. "मला आधी, मला आधी" म्हणून ओरडणाऱ्यांत एफ्रेनचा आवाज सगळ्यांत मोठा! पुढे मॅम मोठ्या सिस्टर झाल्या. आसपासच्या सगळ्या बेटांची मोहीम त्यांच्या हाती आली. कुठली होडी कधी सुटायची, बर्फ कुठे भरायचा, नव्या पोरींना सुई कशी धरायची हे शिकवायचं, सगळं त्याच बघायच्या. त्या गर्दीची आठवण आली की अजून जीव हळहळतो.

असो. एफ्रेनला एकदम युक्ती सुचली. मतदानाच्या दिवशी बोटाला लावायची शाई! निवडणुकीचं काम त्याच्याकडे असायचं, आणि गेल्या खेपेची अर्धी बाटली फळीवर पडून होती. लस घेतलेल्या मुलाच्या बोटालाही शाईच लावतात. खूण असली की त्या घराला कुणी पुन्हा विचारत नाही. त्याने जेनजेनचं चिमुकलं बोट धरलं आणि मन लावून शाई लावली. शेजारणीने कुंपणावरून पाहिलं. मग काय, घटकाभरात अख्खी गल्ली आपापली पोरं घेऊन दारात हजर! एफ्रेनने सगळ्यांची बोटं रंगवली.

मॅम चारिंग आल्या. केस पांढरे झाले होते, चाल तीच.

"झालं की आमच्याकडे, मॅम," एफ्रेन जमिनीकडे बघत म्हणाला. "दुसरी एक सिस्टर आली होती. ही बघा खूण."

मॅमनी जेनजेनचा हात हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"काय गं जेनजेन, मतदान करून आलीस वाटतं? कुणाला दिलंस मत?"

मेर्लीचा चेहरा पडला. एफ्रेनला काही उमगेना.

"अरे सभासद, लसीची खूण डाव्या करंगळीला असते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला शाई लावतोस तू, मतदान केंद्रावर! हात सवयीनं तिकडेच गेला ना?" त्यांनी कुंपणापाशी जमलेल्या पोरांकडे पाहिलं. "अरे वा, सगळ्यांनीच हक्क बजावलाय!"

कुणीतरी फिसकन हसलं. मॅम मात्र आता हसत नव्हत्या.

"काल समोरच्या बेटावरून दोन पोरं होडीत घालून मी दवाखान्यात पाठवली. एकाला डोळे उघडता येत नव्हते. उद्या इथे गोवर आला तर मी आधी कुठे धावेन? ज्यांच्या बोटाला खूण नाही त्यांच्याकडे. या गल्लीत मी फिरकणारसुद्धा नाही! खूण नसलेलं मूल मला दिसतं रे एफ्रेन. खोट्या खुणेचं मूल मला दिसतच नाही!"

लेकीला लपवताना आपण तिला कुणापासून लपवलं, ते एफ्रेनला आत्ता कळलं!

"भीती वाटली मॅम," तो कसाबसा म्हणाला. "आणि तुम्हाला नाही कसं म्हणायचं?"

मॅम चारिंग दारातल्या बाकावर बसल्या. मग बायकांकडे वळून त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षी 'हो मॅम, हो मॅम' म्हणून ऐन लसीच्या दिवशी पोरं आजीकडे धाडलीत, तीही नाही म्हणवेना म्हणूनच?"

बायकांनी माना खाली घातल्या.

"म्हणजे इतकी वर्षं मला कुणी नाही म्हणालं नाही, आणि मी समजत राहिले की सगळ्यांना पटलंय!" त्या एफ्रेनकडे वळल्या. "मग चूक तुझ्या एकट्याची कशी? एफ्रेन, आता म्हण नाही. माझ्या तोंडावर म्हण."

"मॅम, नका हो…"

"म्हण!"

"नको… नको आम्हाला लस!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हं. आता सांग, का?"

मग सगळं बाहेर आलं. एफ्रेनने फोन दाखवला. मॅमनी ते रडणं शेवटपर्यंत ऐकलं.

"ही बाई कुठल्या लसीबद्दल बोलतेय, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं मी सांगणार नाही. गोवराच्या लसीचं सांगते. हात दुखेल. आठवड्याभरानं ताप येईल कदाचित, अंगावर बारीक पुरळही उठेल. दोनेक दिवसांत जातं. क्वचित एखाद्याला टोचल्या टोचल्या जास्त त्रास होतो, म्हणून टोचल्यावर मी लगेच होडीत बसत नाही, इथेच थांबते. औषध जवळ असतं. आणि नंतर ताप आला, तर मला निरोप धाड. मी येईन. बोल, आणखी काय विचारायचंय?"

विचारायला पुष्कळ होतं. दुपार होईस्तोवर गल्ली विचारत होती आणि मॅम उत्तरं देत होत्या. शेवटी मेर्लीने जेनजेनला उचललं आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने लेकीला घट्ट धरलं. ती रडली, तोही रडला.

नंतर तो उठला आणि कुणी न सांगता घरोघर निघाला. "माझी शाई खोटी होती! पोरं घेऊन या!"

"काय सभासद, मतमोजणी कधी?" जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याने टोमणा मारला.

एफ्रेनचे कान लाल झाले, पण तो पुढच्या दारापाशी गेला. आमच्या बेटावर चारचौघांत चूक कबूल करणं म्हणजे जिवावरचं काम!

त्या महिन्यात गोवर आमच्याही किनाऱ्याला लागला. एफ्रेनच्या गल्लीतलं एकही मूल त्याने आजारी पडलं नाही.

पुढच्या वर्षी मॅम पुन्हा आल्या, निवृत्तीआधीची शेवटची खेप. एक नवी सून तान्ह्याला छातीशी धरून दारात उभी होती. सासू मागून खुणावत होती, तरी ती म्हणाली, "मॅम, मला भीती वाटते. मला नकोय."

मॅम चारिंगचा चेहरा असा खुलला, की त्या जुन्या लसीच्या दिवसांतही तो तितका खुललेला आम्ही पाहिला नव्हता. "शाब्बास पोरी!" त्या म्हणाल्या आणि तिच्या उंबऱ्यावरच बसल्या. "आता बोलू या."

मंडळी, भीती वाटणं हा गुन्हा नाही, ती लपवणं घातक. जो औषध घेऊन येतो त्याच्यासमोर ती बोलून दाखवा. आणि तुमच्या शब्दाला मान असेल, तर लोकांना तुमच्या तोंडावर नाही म्हणता येईल, असे वागा!