व्यवसाय: शेती

पाच दवाखान्यांचे पाच केसपेपर.

काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, इतका चकचकीत की एक कप ठेवला तर दोन दिसतात.

थंड पाण्यात खडूसारखी पांढरी, मग जांभळी पडणारी तीन बोटं.

दुधात कुस्करलेली भाकर.

हे सगळं एकाच माणसाचं, अनसिंगच्या दिनेशचं. भाकर त्याची बायको उज्ज्वला कुस्करायची, कारण त्याचं तोंड आता दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. चेहऱ्याची कातडी ताणून बसली होती. गावात कुणी वात म्हणालं, कुणी करणी. तिनं तेल चोळलं, उतारे टाकले. दोन वर्षं गेली.

सहावा दवाखाना, अकोला. खिडकीवरची बाई विचारत गेली.

नाव: दिनेश दौलतराव.
वय: बत्तीस.
व्यवसाय:

शेती, दिनेश म्हणाला. नेहमीसारखंच.

शेती होती, चार एकर. पण ती बाप करायचा. दिनेश अकरा वर्षं वाशीमच्या एका दुकानात ओट्याच्या फरश्या कापत होता. संध्याकाळी घरी यायचा तो भुवयांसकट पांढरा होऊन. पण दौलतरावांच्या घरचा माणूस कुठंही राबो, कुणी विचारलं की शेतकरीच सांगायचं. लग्न जमवतानाही तेच सांगितलं होतं. पाचही दवाखान्यांत उज्ज्वला शेजारी मान खाली घालून उभी होती.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला. एवढी धूळ कुठली, त्यांनी विचारलं. सोयाबीन काढताना उडते थेच असंल, दिनेश म्हणाला. त्या लिहू लागल्या.

"खोटं हाय, बाई," उज्ज्वला म्हणाली. "हे दगड कापतात. अकरा वर्षं झाले."

"चूप बस. लोकं आयकून राह्यले."

"आयकू द्या. घास जात नाही तोंडात, अन् लाज कायची धरता? शेतकरी म्हणूनच जाळू काय तुमाले?"

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं खोडलं. दगडाची भुकटी फुप्फुसात बसते, त्यांनी सांगितलं. काहींच्या अंगातली राखण करणारी ताकदच मग बिथरते आणि आपल्याच अंगावर उठते. कातडी, बोटं, फुप्फुस, काही सोडत नाही. आहे तिथं थोपवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येत नाही.

दोन वर्षांआधी सांगितलं असतं तर फरक पडला असता का, उज्ज्वलानं विचारलं.

"थोडा पडला असता."

दिनेशनं फक्त एवढंच विचारलं, की सोमवारी दोन ओटे बसवायचे आहेत, तेवढे करू का. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. व्यवसाय दुरुस्त केलेल्या नव्या कागदावर सही हवी होती. त्याची बोटं पेनाभोवती वळेनात. उज्ज्वलानं त्याचा अंगठा धरला, शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुकानातल्या कटरला पाण्याची नळी होती. पाणी सोडून कापलं तर धूळ उडत नाही, पण फरशीवर आखलेली पेन्सिलीची रेघ पुसते, म्हणून कामाच्या पहिल्याच आठवड्यात दिनेशनं ती नळी काढून ठेवली.