पक्षात नसलेल्या काकांचा अर्ज

काकांना त्यांच्याच ग्रुपमधून काढून टाकलं आणि बटण काकूने दाबलं. हे झालंच नाही असं धरून पुढे वाचा. घरात आम्ही सगळे तसंच वागतोय.

तर काका गल्लीच्या राजकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत. बातमी कुठलीही असो, त्यांचा प्रश्न ठरलेला: कोण म्हणतं? दोन ठिकाणी छापून आलं तरच खरं. आणि ज्याच्याबद्दल बातमी आहे त्याचं म्हणणं धरायचं नाही, कारण चोर स्वतःला कधी चोर म्हणत नाही. गल्लीच्या तोंडावरचे शिंपीकाका त्यांचे लंगोटीयार. ‘त्या’ पक्षाचे झेंडे आपण शिवले नाहीत, असं ते गेल्या वर्षी घसा सुकेपर्यंत सांगत होते. पण बातमी दोन ठिकाणी छापून आली होती, काकांनी नियमावर बोट ठेवलं.

मंगळवारी काका डोळे तपासायला गेले. डॉक्टरांनी थेंब घालून बाहेर बसायला सांगितलं. सगळं धूसर. काका जिना उतरले आणि खालच्या हॉलमध्ये ‘त्या’च पक्षाच्या प्रवेश सोहळ्यात पहिल्या रांगेत बसले. नाव विचारलं, सांगितलं. गळ्यात पट्टा पडला, तो त्यांना तपासणीचा भाग वाटला. टाळ्यांचं मात्र थोडं नवल वाटलं.

संध्याकाळी दोन पोर्टलांवर फोटो. दोन्हीकडे आडनाव एकसारखंच चुकलेलं, म्हणजे एकाने दुसऱ्याची बातमी ढापली, असं काकांनी ग्रुपवर लिहिलं. गल्लीने विचारलं, कोण म्हणतं? खात्रीसाठी गल्लीने डॉक्टरांना फोन केला, तर रुग्णाची माहिती बाहेर देता येत नाही म्हणाले. काकू दुसरी अ‍ॅडमिन. “नियम तुमचाच आहे,” ती म्हणाली, “भाजी वाढू का अजून?”

सकाळी काका दुकानात गेले. शिंपीकाकांनी मशीन थांबवलं, स्टूल पुढे केलं, सगळं ऐकून घेतलं.

“मला पटतंय रे,” ते म्हणाले. “पण तुझं म्हणणं धरता येत नाही. मला एक वर्ष लागलं हा नियम समजायला.”

आणि मशीन सुरू केलं. काका चहा न पिता परतले. असं आजवर झालेलं नाही. आल्या आल्या त्यांनी मला टाइप करायला बसवलं:

“मा. पक्षाध्यक्ष यांस, मी आपल्या पक्षात कधीही नव्हतो. सबब पक्षविरोधी कारवायांबद्दल मला तातडीने बडतर्फ करावे, आणि तशी बातमी एकमेकांची नक्कल न करणाऱ्या दोन ठिकाणी, उद्या शिंप्याचे दुकान उघडण्यापूर्वी प्रसिद्ध करावी, ही नम्र विनंती.”